गिटारची पिक, बेसची पिक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (शेतातलं पीक नव्हे)

मी आर्वीकडच्या एका गावात संध्याकाळी पोट्ट्यांना गिटार शिकवतो आणि जयंतीच्या, लग्नाच्या सीझनमध्ये ऑर्केस्ट्रात बेस (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) धरतो. पिक म्हणजे तारा छेडायला बोटात धरायची छोटी प्लास्टिकची पट्टी, पण इथे पिक म्हटलं की कापूस, सोयाबीन, तूर. मोबाईलवर मराठीत पिक लिहून शोधलं तर पीक विम्याची शेवटची तारीख समोर येते. मागे आमच्या एका पोट्ट्यानं घरी सांगितलं का पिक आणायला बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाऊन राहिलो, तर त्याच्या बापानं मला रस्त्यातच थांबवलं, "मास्तर, घरी सोयाबीन पडून हाय, भाव नाही म्हनून इकलं नाही, आखीन हे कोनतं पीक आनून रायला हा?" मी खिशातून पिक काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी उलटीपालटी करून पाहिली, नखानं वाकवून पाहिली, मग म्हणे, "एवढ्यासाठी नागपूर?"

तर एवढ्यासाठी उगाच दोन-दोन चकरा पडू नये म्हणून हे लिहून ठेवलं. जे मला रोज विचारतात तेच प्रश्न आहेत, क्रम काही लावला नाही.

पिक लागतेच का? बोटानं वाजत नाही का?

वाजते ना, काहून नाही वाजणार. बोटांचा आवाज मऊ येतो, आणि अंगठा खालच्या सुरावर ठेवून बाकी बोटं वेगळं काही वाजवू शकतात, ते एका पिकनं जमत नाही. पण लोखंडी तारांवर तासभर जोरात ऱ्हिदम मारायचा असला, समोर ढोलक-ऑक्टोपॅड असला, तर नख तुटते आणि आवाजही पुरत नाही. आपल्याकडे हे नवीन नाही. सतारवाले बोटात स्टीलच्या तारेची मिजराब घालतात, सरोदवाले नारळाच्या करवंटीचा जवा धरतात. पिक म्हणजे तेच, फक्त प्लास्टिकची.

मी नवीन आहे, एकच सांगा, कोणती घेऊ?

०.७३ मिमी, नेहमीचा गोलसर तिकोनी आकार. झालं.

पण एकच घेऊ नका. ०.६०, ०.७३ आणि ०.८८ अशा तीन घ्या, दोन प्लेट तर्री-पोह्याच्या आसपासचा खर्च आहे, आणि एका बैठकीत तिन्हीनं तेच गाणं वाजवून पाहा. तुमचा हात किती जड आहे हे मला इथून नाही समजत, तुम्हालाही पहिल्या दिवशी नाही समजणार, पण तिसऱ्या दिवशी तुम्ही न पाहता डबीतून जी उचलाल ती तुमची.

हे ०.४६, ०.८८, १.१४ आकडे काय आहेत?

मिलिमीटरमध्ये जाडी. ढोबळमानानं ०.६० च्या खालची पातळ, ०.६० ते ०.८० मिडियम, ०.८० ते १.२० जाड, त्याच्या वर एकदम जाड. ही हद्द प्रत्येक कंपनीची थोडी इकडेतिकडे असते, एकाची "मिडियम" दुसऱ्याच्या "हेवी"च्या बाजूला जाऊन बसते, म्हणून शब्द सोडा, आकडा पाहा.

डनलॉप कंपनीच्या टॉर्टेक्स पिका खूप चालतात, त्यात रंगावरूनच जाडी ओळखू येते: लाल ०.५०, केशरी ०.६०, पिवळी ०.७३, हिरवी ०.८८, निळी १.००, जांभळी १.१४. पण हा हिशोब त्याच मालिकेपुरता. दुसऱ्या कंपनीची हिरवी पिक घेतली आणि ती कागदासारखी निघाली म्हणून माझ्याशी भांडू नका, असं एकदा झालेलं आहे.

पिकवर आकडाच नाही किंवा घासून गेला, मोजू कशी?

अकरावीच्या फिजिक्स लॅबमधला स्क्रू गेज आठवतो का, ज्यानं आपण तारेची जाडी मोजली आणि जर्नलमध्ये आकडे मित्राचे उतरवले? तोच. शंभरावा भाग दाखवतो मिलिमीटरचा. तुमचा भाऊ-बहीण ज्युनिअर कॉलेजात असेल तर सरांना विचारून पाच मिनिटांत काम होते. नाहीतर वर्कशॉपवाल्याकडचा व्हर्निअर.

दोन्ही नसेल तर झेरॉक्सचा कागद. साधा कागद साधारण ०.१ मिमीचा असतो, म्हणजे सात कागद एकावर एक दाबून धरले की ०.७ च्या जवळपास. पिक आणि कागदाची गड्डी नखाखाली आळीपाळीनं घासून पाहा, फरक हाताला लागतो.

पातळ आणि जाडमध्ये फरक फक्त मजबुतीचा आहे ना?

नाही, आणि हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात जाड घेतली की जास्त दिवस टिकेल, चप्पल घेऊन राहिल्यासारखं.

ओली हिरवी काडी घेऊन टिनावर मारून पाहा, मग वाळलेली पऱ्हाटी घेऊन मारा. ओली काडी स्वतःच वाकते, टिनावर फट्ट असा वरचा आवाज येतो आणि जोर काडीतच जिरतो. पऱ्हाटी वाकत नाही, तुमच्या मनगटाचा जोर जसाच्या तसा टिनावर जातो. पिकचंही तसंच आहे. पातळ पिक तारेला भिडली की आधी ती वाकते, मग तारेवरून सटकते, म्हणून तुम्ही कितीही जोरात मारलं तरी तारेला बेतानंच धक्का बसतो, आवाज चमकदार पण पातळ येतो आणि सोबत पिकचा स्वतःचा टकटक आवाज. ऱ्हिदमसाठी हे चांगलं आहे, सहाही तारा एकसारख्या वाजतात, कुठे अडकत नाही, आणि माइकसमोर तो टकटक आवाज तर अर्धा खंजेरीचं काम करते.

जाड पिक वाकत नाही, तारेलाच सरकावं लागते. आवाज भरीव येतो, सोलो वाजवताना पिक कधी सुटणार हे तुमच्या हातात राहते. पण मग तुमचा हात जे करेल ते सगळं ऐकू येते, चुकासुद्धा. नवीन पोट्टा १.५ मिमीची पिक घेऊन ऱ्हिदम मारतो तेव्हा ती पाचव्या तारेत अशी अडकते जशी बंडीचं चाक पांदणीच्या चिखलात. दोष पिकचा नाही, त्याला अजून मनगट ढिलं सोडणं जमलेलं नाही.

म्हणून माझा हिशोब: ऱ्हिदम जास्त तर ०.५० ते ०.७३, दोन्ही मिसळून तर ०.७३ ते ०.८८, इलेक्ट्रिकवर सोलो तर १.०० च्या वर. तारा कोणत्या हेही पाहा (तारांचे आकडे मिलिमीटरचे नाहीत, इंचाच्या हजाराव्या भागातले), ००९ च्या पातळ इलेक्ट्रिक तारा जाड पिकला सहज ऐकतात, अकूस्टिकच्या, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या गिटारच्या, ०१२ वाल्या तारांना अगदीच पातळ पिक लावली तर तार जागची हलतच नाही असं वाटते.

आकारानं काय होते?

तीन गोष्टी पाहायच्या: टोक, अंग आणि एकूण माप. टोक जितकं अणकुचीदार तितका आवाज टोकदार आणि नेमका, गोल टोक असलं की आवाज गोल. नेहमीचा जो आकार आहे त्याला दुकानदार ३५१ म्हणतात, बाजारातल्या बहुतेक पिका त्याच. ३४६ म्हणजे मोठा तिकोन, तिन्ही कोपरे सारखे, एक घासला की फिरवून दुसरा वापरायचा. काटकसरी माणसाची पिक आहे ती, मला लय आवडते. जॅझ थ्री नावाची एक छोटी, टोकदार येते, १.३८ मिमीची, नावात जॅझ असली तरी मेटलवालेच (जोरदार रॉक वाजवणारे) जास्त वापरतात, वेगानं वाजवायला तोड नाही. पण बोटात धरल्यावर बाहेर इतकंसंच टोक दिसते, पहिले आठ दिवस नख तारेला लागून शिव्या निघतात.

एक फुकटची ट्रिक: नेहमीच्या पिकला टोकानं वाजवण्याऐवजी उलटी धरून गोल खांद्यानं वाजवून पाहा. एकदम मऊ, जाडसर आवाज. नवीन पिक विकत घ्यायच्या आधी हे करा.

नायलॉन, सेल्युलॉइड, डेल्रिन... कशाची घेऊ?

सेल्युलॉइड हे जुनं प्लास्टिक, आवाज गोड, पण लवकर झिजते, आणि पेट पटकन घेते. चुलीजवळ, उदबत्तीजवळ ठेवू नका. गरमीत मऊही पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, गाडीच्या डिक्कीत दुपारभर पिका राहिल्या की हाताला वेगळ्याच लागतात, माझ्या दोन तर बसल्या बसल्या वाकड्या झाल्या.

नायलॉन लवचिक, त्याच जाडीत दुसऱ्यांपेक्षा नरम वाटते, आवाज जरा गोलसर. म्हणून ०.७३ नायलॉन आणि ०.७३ टॉर्टेक्स हाताला एक वाटत नाही, नायलॉन घेताना एक नंबर वर घ्या. नायलॉन हवेतला ओलावाही पिते, पावसाळ्यात जरा अजून नरम होते. टॉर्टेक्स वगैरे डेल्रिन नावाच्या प्लास्टिकच्या जातीच्या असतात, हाताला थोड्या पावडर लावल्यासारख्या कोरड्या लागतात, ओलाव्यानं फारसा फरक पडत नाही, टिकतातही. अल्टेक्स हेही प्लास्टिकच, पण कडक, चमकदार आवाज, लय दिवस जाते. धातूची घेऊ नका, हौस म्हणून एक ठेवा फार तर.

कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेली पिक खरंच कासवाची असते का?

नाही हो. पूर्वी होत्या खऱ्या, चोचवाल्या समुद्री कासवाच्या कवचाच्या. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लुईजी डी'आंद्रेआनं सेल्युलॉइडच्या पिका काढल्या आणि नक्षी तेवढी कासवाची राहिली. ते कासव आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, म्हणून कोणी "ओरिजिनल कासव" म्हणून विकत असेल तर एकतर तो खोटं बोलते नाहीतर गुन्हा करते.

हाताला घाम येतो, पिक फिरून जाते. काय करू?

इथल्या उन्हाळ्यात हा प्रश्न नसता आला तर मीच विचारला असता. गुळगुळीत सेल्युलॉइड सोडा, ज्या पिकवर उठावदार खरखरीत छाप असते ती घ्या. किंवा सुताराकडून पॉलिश पेपरचा तुकडा आणा, पिकच्या दोन्ही अंगांवर मधोमध आडवंउभं घासा, टोकाला हात लावू नका. कोणी मधोमध भोक पाडते, बोटाचं मांस त्यात बसते आणि पिक सरकत नाही. पावडर लावू नका, घामात तिची पेस्ट होते. गुडघ्यावर एक सुती रुमाल ठेवा, दोन गाण्यांच्या मधात हात पुसा.

आणि जोरात दाबून धरू नका. घाबरलेला माणूस पिक आवळते, आवळली की मनगट आखडते, मनगट आखडलं की घाम अजून येतो.

धरायची कशी?

तर्जनी अर्धी वाकवा, तिच्या बाजूच्या अंगावर पिक ठेवा, वरून अंगठा. टोक अंगठ्याच्या बाहेर तीन ते पाच मिमी, जास्त नाही. ऱ्हिदमला जरा ढिली, सोलोला जरा घट्ट. पिक तारेला अगदी सपाट न भिडवता थोडी तिरपी ठेवली की सहज सरकते, फक्त जास्त तिरपी केली तर जाड तारांवर खरखर ऐकू येते.

बेस पिकनं वाजवला तर लोक नावं ठेवतात, खरंच चूक आहे का?

ही भानगड कोणी सुरू केली माहीत नाही, पण प्रत्येक गावात एक जण असा असतोच जो येऊन सांगतो "खरे बेसवाले बोटानं वाजवतात". त्याला सांगा, बीटल्सचा पॉल मॅकार्टनी पिकनं वाजवतो, मोटरहेड बँडचा लेमी पिकनं वाजवायचा, येस बँडचा ख्रिस स्क्वायर पिकनं, आणि १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये ढीगभर रेकॉर्डिंग करणारी कॅरल के पिकनंच. दुसऱ्या बाजूला मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन, त्यानं नुसत्या एका तर्जनीवर सगळं वाजवलं. दोन्ही मोठे. काम काय आहे त्यावर ठरवायचं.

आमचं काम कसं असते ते सांगतो. गावातलं मंडप, दोन भोंगे, दोन बॉक्स, ते पण एक फाटका. बेसची सगळ्यात जाड तार उघडी वाजवली तर ४१ हर्ट्झचा सूर निघतो, गिटारच्या जाड तारेचा ८२. भोंगा ४१ काय, त्याच्या दुपटीलाही हात लावत नाही, म्हणून बोटानं मऊ वाजवलेला बेस नुसता गुरगुर होऊन मंडपाच्या कापडात जिरते. पिकनं वाजवलं की सुराच्या सुरुवातीला जो ठणका बसतो, वरचे हार्मोनिक्स (त्याच सुरात मिसळलेले उंच सूर) निघतात, ते भोंग्यातून जातात आणि ऐकणाऱ्याचा कान खालचा सूर आपोआप जोडून घेते. मी पहिल्यांदा पिक काढली तेव्हा साउंडवाल्यानं मान वर करून पाहिलं, नाहीतर तो कार्यक्रमभर मोबाईलमध्येच असतो.

चांगला साउंड असेल, हळू गाणं असेल, तर मी आजही बोटानंच वाजवतो.

मग बेसला कोणती पिक?

०.८८ च्या खाली जाऊ नका. बेसची जाड तार बहुतेक १०५ ची असते, म्हणजे २.६७ मिमी, गिटारच्या ०१० वाल्या पहिल्या तारेच्या दहापट जाड. तिच्यापुढे ०.५० ची पिक म्हणजे ट्रॅक्टरला सुतळीनं ओढणं. माझी स्वतःची १.०० मिमीची मोठा तिकोन, ३४६ आकाराची. मोठी यासाठी की बेसच्या तारांमध्ये अंतर जास्त, हात मोठा फिरतो, छोटी पिक बोटातून उडते. आवाज खूपच कडक वाटला तर १.०० ची नायलॉन, अजून मऊ पाहिजे तर फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) येते, बोटाच्या जवळ जाते पण झिजून तिचे धागे गिटारवर पडत राहतात. आणि हाताची कड ब्रिजजवळ (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) तारांवर हलकेच टेकवून वाजवायला शिका, नाहीतर पिकनं वाजवलेला बेस सगळ्या गाण्यात घंटेसारखा लांबतो.

बेसच्या तारांवर बाहेरून गोल तार गुंडाळलेली असते, ती कानशीसारखी पिक खाते. गिटारवर दोन महिने जाणारी पिक बेसवर दोन आठवड्यांत गोल होते, हे धरून चाला.

घरी बनवता येते का?

येते. जुन्या एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते, म्हणजे जवळजवळ आपली ०.७३ च. सिम ज्या मोठ्या कार्डात बसवून येते तेही तेवढंच. चिप नि काळी पट्टी सोडून कापा, नंबर आधी कापून फेका, कड पॉलिश पेपरवर घासा आणि मग जीन्सच्या मांडीवर रगडा, गुळगुळीत होते.

मला हे शिकावं लागलं १३ एप्रिलच्या रात्री, जयंतीच्या कार्यक्रमात. स्टेज सेंट्रिंगच्या पाट्यांचं, मधात बोटभर फटी. तिसऱ्या गाण्यात पिक सुटली, पाटीवर एकदा टक्कन वाजली आणि फटीतून खाली. खाली अंधार, जनरेटरची वायर आणि झोपलेली पोरं. जास्तीच्या पिका गाडीच्या डिक्कीत, गाडी घेऊन ढोलकवाला जेवायला गेलेला. निवेदक बिचारा बाबासाहेबांबद्दल बोलून वेळ काढून राहिला होता, तेवढ्यात कीबोर्डवाल्यानं पाकिटातून सिमचं रिकामं कार्ड काढलं, मिठाईवाल्या काकूंकडून कैची आणली, मी शेजारच्या सिमेंटच्या ओट्यावर कड घासली. दोन गाणी निघाली त्याच्यात. तिसऱ्याला टोक चिरून झाडूसारखं झालं, कारण हे प्लास्टिक पिकच्या प्लास्टिकपेक्षा नरम असते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे: फवारणीच्या औषधाच्या डब्याचं प्लास्टिक कापून पिक करू नका. जाड, कडक, छान रंगाचं असते म्हणून पोट्टे घेऊन येतात. धुतलं तरी नको. आपण सगळेच गाण्याच्या मधात पिक दातात धरतो.

नाण्यानं वाजवलं तर?

क्वीन बँडचा ब्रायन मे जुन्या इंग्लिश सिक्सपेन्सनं वाजवतो, त्याच्या दातेरी कडेचा तो खरखरीत आवाज त्याला पाहिजे असतो. तुम्ही आपल्या स्टीलच्या रुपयानं वाजवाल तर आवाज कर्कश आणि तारांचं वाटोळं.

नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला पिक चालते?

तारांना काही होत नाही, पण त्या गिटारच्या पोटावर पिकगार्ड नसते, जोरात मारलं की लाकडावर ओरखडे. हलक्या हातानं, गोल टोकाची वापरा, किंवा बोटं आहेतच.

तार पिकमुळे तुटते का?

जाड पिक आणि जड हात एकत्र आले तर पहिली तार जाते. पण तार कुठे तुटली ते आधी पाहा. ब्रिजपाशी किंवा खुंटीपाशी प्रत्येक वेळी त्याच जागी तुटत असेल तर तिथे काहीतरी धार आहे, पिक बदलून काही होणार नाही. गंजलेली असेल तर गंजामुळे. पिक मारतो तिथेच तुटली तर पिक नि हात तपासा.

पिक गिटारच्या पोटात पडली!

रडू नका, सगळ्यांची पडते. गिटारची पाठ खाली करून ती आडवी धरा, हळूहळू हलवून पिक भोकाच्या बरोबर खाली आणा, आवाजावरून समजते. मग एका झटक्यात गिटार उलटी करा, पिक तारांमधून खाली पडते. तीन-चार वेळा फसते. आमच्या एकाच्या गिटारमधून पिकसोबत दोन गव्हाचे दाणे आणि एक मेलेली पाल निघाली, गिटार कोठीच्या खोलीत ठेवत होता म्हणे.

कधी बदलायची?

टोकाची एक बाजू तिरपी झिजली, कड कापल्यासारखी धारदार झाली किंवा टोक दाणेदार लागायला लागलं की बदला. जाड पिक असेल तर पॉलिश पेपरवर टोक परत घडवता येते, पातळ पिकला ते नशीब नाही.

बेंजो पार्टीवाल्याची पिक गिटारला चालेल का?

त्यांच्या बेंजोच्या तारा बारीक, हात झरझर चालते, म्हणून पिकही पातळ, लवचिक. अकूस्टिकच्या ऱ्हिदमला खुशाल चालवा. बेसला नाही.

डावखुऱ्यांसाठी वेगळी असते का?

साध्या पिका दोन्ही हातांना सारख्याच. फक्त ज्यांची कड एका बाजूनं तिरपी तासलेली असते त्या पाहून घ्या.

ऑनलाइन मागवू का दुकानातून घेऊ?

पहिल्या तीन दुकानातून घ्या, हातात धरून, वाकवून. नागपूर-अमरावतीला दुसऱ्या कामानं जाणं होतेच, तेव्हा. एकदा आकडा ठरला की तोच आकडा डझनानं ऑनलाइन, म्हणजे पुढं दोन वर्षं विचारायला नको. मिक्स पाकीट घेऊ नका, मी एकदा घेतलं, त्यात रंग वेगवेगळे आणि जाडी सगळ्यांची तीच निघाली, परत करायला गेलो तर म्हणे उघडलेलं पाकीट घेत नाही.

लय हरवतात हो, काय करावं?

एक पिक गिटारच्या तारांमध्ये वरच्या फ्रेटपाशी (मानेवरच्या आडव्या पट्टीपाशी) अडकवून ठेवा, एक पाकिटात, एक घड्याळाच्या पट्ट्याखाली. घरी तंबाखूची रिकामी चुन्याची डबी, झाकण घट्ट असते, पिका बरोबर बसतात. फक्त आजोबांच्या डबीजवळ ठेवू नका, आमच्या घरी ०.८८ ची हिरवी दोन दिवस सापडत नव्हती, मग समजलं की आजोबा तिनं चुना काढून राहिले होते आणि म्हणे बरी आहे, वाकत नाही.